फरशीवरचं हिरवं पान किती खरं?

दिल्लीतल्या पटपडगंजच्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या मराठी कुटुंबात २०२४ च्या पावसाळ्यात फरशीवरून वाद सुरू झाला. वादाचं कारण होतं आजींचे गुडघे. आजी सोलापूरहून मुलाकडे कायमच्या राहायला आल्या, त्याला चार वर्षं झाली होती. सोलापुरात आयुष्यभर शहाबादी फरशीवर वावरलेल्या या बाईंना दिल्लीच्या हिवाळ्यातली मोझॅकची फरशी मात्र सोसेना. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उठून पाय खाली टेकवला की कळ थेट गुडघ्यापर्यंत जायची. दोन-दोन मोजे घालून झाले, सपाता झाल्या, पलंगाशेजारी सतरंजीही अंथरून झाली. मग मुलानंच ठरवलं की या वेळी घराला रंग द्यायचाच आहे, तर तिन्ही खोल्यांत लाकडी फरशी घालून टाकू.

घरात आठ वर्षांची नात आहे आणि तिला दमा आहे. तिचा पंप आईच्या पर्समध्ये, आजीच्या उशाशी आणि शाळेच्या दप्तरात असा तीन ठिकाणी ठेवलेला असतो. ती पहिल्यापासून आजीजवळच झोपते. त्यामुळे आजीच्या खोलीत जे येणार ते नातीच्या श्वासात जाणार, हे उघडच होतं. गालिच्यात धूळ बसते म्हणून डॉक्टरांनी तो आधीच काढायला लावला होता. लाकूड मात्र कसं स्वच्छ आणि नैसर्गिक! निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

लाकडी म्हणजे खरंच लाकूड का?

पश्चिम दिल्लीतलं कीर्ती नगर हे फर्निचर आणि लाकूडसामानाच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. एका रविवारी पती-पत्नी तिथे गेले. सातव्या-आठव्या दुकानात मनासारखा सागवानी रंग मिळाला. फळीच्या खोक्यावर एक हिरवं पान छापलेलं होतं आणि त्याखाली 'शून्य उत्सर्जन' असं इंग्रजीत लिहिलेलं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, बच्चेवाला घर है ना? आँख बंद करके ले लीजिए. ई-झिरो है." पतीने १०,००० रुपये आगाऊ देऊन पावती घेतली.

पत्नी, म्हणजे आजींच्या सूनबाई, शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. दुकानदाराने दाखवायला म्हणून एक फळी मधोमध कापली तेव्हा त्यांनी ती नाकाशी नेली. वास ओळखीचा होता. कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडूक ठेवलेल्या बरण्या असत, त्या उघडल्यावर नाकात जो झणका बसायचा, त्याचीच ही फिकट आठवण होती. बरणीतलं ते पाणी म्हणजे फॉर्मलिन, आणि फॉर्मलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचं पाण्यातलं द्रावण.

तो वास लाकडी फळीत आला कुठून? तर बाजारात 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून जे मिळतं, त्यातलं बरंचसं अखंड लाकूड नसतंच. लाकडाचे बारीक तंतू चिकट राळेत मळून, उष्णता आणि दाब देऊन त्यांची पाटी करतात. तिच्यावर लाकडाच्या रेषांचं छापील चित्र आणि त्यावर कडक पारदर्शक थर बसवतात. हेच लॅमिनेट. यात वापरली जाणारी स्वस्त आणि पक्की राळ म्हणजे युरिया-फॉर्मल्डिहाइड. पाटी तयार झाल्यावरही तिच्यातला थोडा फॉर्मल्डिहाइड मोकळा राहतो. शिवाय दमटपणा आणि उष्णतेने राळेची बांधणी हळूहळू सुटते आणि नवा वायू बाहेर पडत राहतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो जास्त असतो, पुढे कमी होत जातो, पण एका आठवड्यात संपत नाही.

या वायूने डोळे चुरचुरतात, नाक आणि घसा जळजळतो. ज्यांची श्वासनलिका मुळातच हळवी आहे त्यांना त्रास लवकर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. आणि घरातल्या हवेसाठी संघटनेची २०१० ची मर्यादा आहे अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटर हवेमागे ०.१ मिलिग्रॅम.

घरी परतताना मेट्रोत सूनबाई गप्प होत्या. निर्माण विहार स्टेशन आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, ऑफिसात तुम्ही दुसऱ्यांची व्हाउचरं दहादा तपासता. घरच्या खरेदीला एक छापील पान पुरलं?"

पती लेखापरीक्षण खात्यात आहेत. टोला वर्मी लागला.

अमेरिकेतली ३१ खोकी

खोक्यावर छापलेल्या शब्दांची किंमत काय, याचा सगळ्यात गाजलेला धडा अमेरिकेत मिळाला आहे. कॅलिफोर्निया राज्याने लाकडी पाट्यांतल्या फॉर्मल्डिहाइडवर जगातले कडक समजले जाणारे नियम केले. लॅमिनेटच्या आत जी पाटी असते त्या प्रकारासाठी मर्यादा आहे दहा लाख भाग हवेत ०.११ भाग. पुढे २०१८ पासून असेच नियम संपूर्ण अमेरिकेला लागू झाले.

१ मार्च २०१५ रोजी सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमात लम्बर लिक्विडेटर्स या मोठ्या फरशी-विक्रेत्या कंपनीवरचा वृत्तांत दाखवला गेला. तिच्या दुकानांतून चीनमध्ये बनलेल्या लॅमिनेटची ३१ खोकी विकत घेऊन तपासण्यात आली होती. कॅलिफोर्नियाच्या मर्यादेत बसलं फक्त एक खोकं. खोक्यांवर मात्र नियम पाळल्याचा शिक्का होता. कंपनीने तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तिचं म्हणणं होतं की वरचा थर खरवडून आतली पाटी तपासली गेली, प्रत्यक्ष घरात माणूस तयार फळीवर चालतो. हा मुद्दा अगदीच गैरलागू नव्हता. तरी त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने चिनी लॅमिनेटची विक्री थांबवली. २०१७ मध्ये ग्राहकांच्या दाव्यांपोटी ३ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड केली, आणि २०२४ मध्ये बदललेल्या नावानिशी दिवाळखोरीचा अर्ज केला.

या प्रकरणातली एक गोष्ट तर रसायनशास्त्राच्या कोणत्याही शिक्षिकेने वर्गात सांगावी अशी आहे. सरकारी आरोग्य यंत्रणेने फेब्रुवारी २०१६ मध्ये या फरशीमुळे कर्करोगाचा धोका किती वाढतो याचा अंदाज दिला. लाखामागे २ ते ९ जादा रुग्ण, असा तो अंदाज होता. थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला, कारण छताची उंची धरताना फूट आणि मीटर यांची गल्लत झाली होती. सुधारलेला आकडा निघाला लाखामागे ६ ते ३०. एवढ्या मोठ्या देशाची यंत्रणा एककात चुकते, तर कीर्ती नगरच्या विक्रेत्याला एकक विचारायलाच हवं.

'ई-वन', 'ई-झिरो' आणि चार तारे

पुढच्या रविवारी पती एकटेच दुकानात गेले आणि त्यांनी तपासणीचा अहवाल मागितला. दुकानदाराने बराच वेळ शोधून मोबाइलवर एक कागद दाखवला. कागद खरा होता, पण तो होता १२ मिलिमीटरच्या फळीचा आणि यांनी पसंत केलेली फळी ८ मिलिमीटरची होती. कारखान्याचं नाव वेगळं, तारीख २०१७ ची, आणि तपासणी कारखान्याच्या स्वतःच्याच प्रयोगशाळेत झालेली. लेखापरीक्षकाच्या नजरेला एका व्हाउचरमध्ये चार आक्षेप मिळाले.

"भाईसाहब, आजतक किसीने पूछा नहीं," दुकानदार म्हणाला. तो खोटं बोलत नसावा. ग्राहक रंग विचारतो, भाव विचारतो, पाणी पडलं तर फुगेल का ते विचारतो. अहवाल मागणारा विरळाच.

या खुणांचा अर्थ थोडक्यात असा. 'ई-वन' हा युरोपातला वर्ग आहे. त्यात पाटीचा तुकडा बंद पेटीत ठेवतात आणि पेटीतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. भारतीय मानक ब्यूरोच्या मानकांतही पाटीतला फॉर्मल्डिहाइड मोजण्याची पद्धत ठरलेली आहे, ती आयएस १३७४५ या क्रमांकाची. तिच्यात हवेतला वायू नाही, तर पाटीत उरलेला फॉर्मल्डिहाइड अर्क काढून मोजतात, म्हणून हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. विक्रेते मात्र सर्रास करतात.

'ई-झिरो'ची गंमत आणखी वेगळी. युरोपच्या लाकडी पाट्यांच्या मूळ मानकात ई-वन आणि ई-टू असे दोनच वर्ग होते, ई-झिरो नावाचा वर्गच नव्हता. ते बाजाराने रूढ केलेलं नाव आहे, आणि एक कारखाना त्याचा जो अर्थ धरतो तोच दुसरा धरेल असं नाही. शून्य तर ते कधीच नसतं, कारण साध्या लाकडातूनही अत्यल्प फॉर्मल्डिहाइड निसर्गतःच बाहेर पडत असतो. जपानने २००३ पासून ताऱ्यांची पद्धत ठेवली आहे. चार तारे असलेली पाटी घरात हवी तेवढी वापरावी, तीन तारेवाली मोजक्या जागेत, आणि एकच तारा असेल तर घराच्या आत वापरायचीच नाही. पण जपानने त्याच कायद्यात आणखी एक अट घातली, तिची जाहिरात कुणी करत नाही. नव्या घरात तासाला निम्मी हवा बदलेल असा पंखा बसवणं सक्तीचं केलं. नुसत्या चांगल्या पाटीवर त्यांनी विश्वास ठेवला नाही.

पेटीतली हवा आणि पटपडगंजची हवा

सूनबाईंचा खरा प्रश्न इथेच होता. युरोपातली ती पेटी २३ अंश तापमानाला आणि ४५ टक्के दमटपणाला चालते, आणि तिच्यातली सगळी हवा तासाला एकदा बदलते. पटपडगंजच्या तिसऱ्या मजल्यावर जूनमध्ये ४३ अंश असतात, ऑगस्टमध्ये भिंतींना ओल धरते, आणि नोव्हेंबरात तर खिडकी उघडायचीच सोय नसते. उष्णता आणि दमटपणा दोन्ही वाढले की पाटी जास्त वायू सोडते. म्हणजे अहवालातला आकडा कितीही खरा असला, तरी तो पेटीतला असतो.

त्यांनी वहीत हिशेब मांडला. मुलीसाठी ठेवलेली लहान खोली १० बाय १२ फुटांची, छत साडेनऊ फुटांवर. फरशी १२० चौरस फूट आणि हवा ११४० घनफूट. मीटरमध्ये घनमीटरमागे सुमारे ०.३५ चौरस मीटर फरशी आली. तपासणीच्या पेटीत हेच प्रमाण एकास एक असतं, म्हणजे पेटी जास्त कडक. हे ऐकून पतींचा चेहरा खुलला.

"थांबा, कपाट धरलंच नाही," सूनबाई म्हणाल्या.

त्याच खोलीत प्लायवूडचं नवं कपाट करायचं ठरलं होतं. सात फूट उंच, सात फूट रुंद, दोन फूट खोल. दारं ४९ चौरस फूट, पाठ ४९, दोन बाजू २८, वर-खाली २८ आणि आतल्या पाच फळ्या ७०. बेरीज २२४. प्रत्येक फळीला दोन अंगं, म्हणजे ४४८. फरशीच्या जवळजवळ चौपट! फरशीचं वरचं एकच अंग खोलीला लागतं आणि तेही कडक थराने झाकलेलं, कपाटाची पाठ आणि आतल्या कडा मात्र बहुतेक ठिकाणी कोऱ्याच राहतात. आणि कपाटाला हिरवं पान आहे की नाही, हे तर कुणी विचारलंही नव्हतं.

नसलेल्या दोषाचं प्रमाणपत्र

दरम्यान आणखी दुकानं पालथी घातली गेली. एकाने सिरॅमिकच्या टाइल्स दाखवल्या आणि अभिमानाने सांगितलं की या 'लो व्हीओसी' आहेत. व्हीओसी म्हणजे साध्या तापमानाला हवेत उडून जाणारी सेंद्रिय रसायनं. आता टाइल हजार अंशांच्या वर भट्टीत भाजलेली माती असते. तिच्यात उडून जाण्यासारखं रसायन शिल्लक राहील कसं? कोटा, शहाबादी, संगमरवर यांचंही तेच. हरित इमारतींच्या मानांकनात अशा पदार्थांना तपासणीशिवायच स्वीकारतात. उद्या मीठविक्रेत्याने पाकिटावर 'यात चरबी नाही' असं छापलं तर ते खोटं नसेल, पण ग्राहकाला त्यातून मिळालं काय?

दुसऱ्याने विनाइल दाखवलं. पाणी पडलं तरी फुगत नाही, लाकडाची राळ नाही, म्हणून फॉर्मल्डिहाइडची चिंता कमी. एका मालावर 'फ्लोअरस्कोअर' हे नावाजलेलं अमेरिकी प्रमाणपत्रही होतं. ते खोटं नाही. पण विनाइल मऊ करण्यासाठी काही कारखाने थॅलेट जातीची रसायनं वापरतात. ती हवेत चटकन उडत नाहीत, हळूहळू घरातल्या धुळीत उतरतात. हवेत उडणारी रसायनं मोजणारी तपासणी त्यांच्याबद्दल फारसं सांगत नाही. तिथे 'थॅलेट नाही' असं वेगळं लेखी मागावं लागतं. शिवाय चिकटवायचं विनाइल असेल तर प्रमाणपत्र फळीला असतं, खाली ओतायच्या गमला नसतं. डबा उघडताच डोकं गरगरायला लावणारा पिवळा गम वापरायचा आणि वर प्रमाणित फळी बसवायची, हा प्रकार दिल्लीच नव्हे, पुण्या-मुंबईतही रोज चालतो.

शेवटी आईचं म्हणणं आणि बायकोचा हिशेब यांच्या मधोमध तोडगा निघाला. आजीच्या खोलीत लॅमिनेट घालायचं, पण दुसऱ्या एका दुकानातून. तिथल्या अहवालावर त्याच फळीचं नाव, तीच जाडी, तारीख वर्षाच्या आतली आणि बाहेरच्या प्रयोगशाळेचा आकडा होता, घनमीटरला ०.०६ मिलिग्रॅम. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं कार्यालय गुरुग्रामलाच आहे आणि तिच्या यादीत प्रयोगशाळेचं नाव, शिवाय ती कोणत्या तपासण्यांसाठी मान्य आहे तेही पाहता येतं. पतींनी ते पाहून घेतलं. फळ्या खाचेत अडकवायच्या होत्या, त्यामुळे खाली गम लागणार नव्हता. मुलीच्या खोलीतली जुनी मोझॅक तशीच ठेवून घासून पॉलिश करायची आणि तिने आता तिथे वेगळं झोपायचं, असंही ठरलं. हॉलला या वर्षी हात लावायचा नाही.

वेगळं झोपायचं ठरलं ते आजीला आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या पायांसाठी पोरीला माझ्यापासून तोडताय होय? नको मला ती लाकडं." मुलीने तर दोन दिवस तोंड फुगवलं. पहिल्या दुकानदाराने आगाऊ दिलेल्या रकमेतले ६,००० परत केले, बाकीचे गेले.

वास आला कुठून?

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काम झालं. लॅमिनेटच्या फळ्या बसवण्याआधी दहा दिवस खोकी उघडून बाल्कनीलगत ठेवल्या होत्या. आजीच्या खोलीत दोन-तीन दिवस नवेपणाचा वास आला आणि विरला. पण मुलीच्या खोलीत, जिथे खाली तीस वर्षांची मोझॅक होती, तिथे डोळे चुरचुरू लागले. चौथ्या रात्री मुलीला पंप दोनदा द्यावा लागला.

कारण कपाटच होतं. सुताराने दारांवर मेलामाइन पॉलिश मारलं होतं, आणि कुणी त्याला विचारलंच नव्हतं की पॉलिश कसलं. दिसायला काचेसारखं गुळगुळीत असणारं हे पॉलिश आम्ल घालून वाळवतात, आणि त्याची राळही फॉर्मल्डिहाइडपासूनच बनलेली असते. वाळताना आणि नंतरही काही काळ ते हा वायू सोडतं. फरशीच्या एका आकड्यासाठी सगळं घर महिनाभर पळत होतं आणि चौपट क्षेत्रफळाचं कपाट वहीतल्या हिशेबातच राहून गेलं होतं.

शेजारच्यांनी इंटरनेटवरून मागवलेलं फॉर्मल्डिहाइड मोजायचं छोटं यंत्र आणून दिलं. ते मुलीच्या खोलीत लाल झालं. मग देवघरात आजींनी उदबत्ती लावली तेव्हाही लाल झालं, आणि पतींनी हाताला सॅनिटायझर लावला तेव्हा तर जोरजोरात ओरडू लागलं. अशा स्वस्त यंत्रांना अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइड यांतला फरक नीट कळत नाही. उदबत्तीचं म्हणाल तर तिच्या धुरात फॉर्मल्डिहाइड खरोखरच असतो. आजींनी त्या दिवसापासून उदबत्ती बाल्कनीतल्या तुळशीपाशी लावायला सुरुवात केली, पण कुरकुर न करता नव्हे.

मुलीचं अंथरूण पुन्हा आजीच्या खोलीत गेलं. ज्या फळ्यांपासून तिला लांब ठेवायचं म्हणून एवढा खटाटोप झाला, त्याच फळ्यांच्या खोलीत ती परत गेली. आजीने विजयाचा आनंद लपवला नाही. डॉक्टरांनी मात्र नेमकं कारण छातीठोकपणे सांगायला नकार दिला. ऋतू बदलत होता, दिवाळी जवळ आली होती, पिकांचे खुंट जाळण्याचे दिवस होते. दम्याला एकच कारण चिकटवणं सोपं नसतं.

कायदा काय म्हणतो?

योगायोगाने त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाविषयीच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. 'हरित', 'स्वच्छ', 'नैसर्गिक', 'पर्यावरणस्नेही' असे मोघम शब्द आता नुसते छापून भागत नाही. त्यांचा नेमका अर्थ आणि पुरावा द्यावा लागतो, आणि तो ग्राहकाला सहज मिळेल असा हवा, मग तो खोक्यावर असो किंवा क्यूआर कोडमागे. दावा सगळ्या मालाबद्दल आहे की त्याच्या एखाद्या भागाबद्दल, तेही सांगावं लागतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

कागदावर हे चांगलंच आहे. पण या देशात अशा चांगल्या कागदांची उणीव कधीच नव्हती. पर्यावरणस्नेही मालाला मातीच्या मडक्याचं चिन्ह देणारी 'इकोमार्क' योजना केंद्र सरकारने १९९१ मध्येच सुरू केली होती. तेहतीस वर्षांत किती घरांत ते मडकं छापलेली वस्तू आली? २०२४ मध्ये त्या योजनेचेही नवे नियम आले आहेत. पतींनी हिरव्या पानाच्या खोक्याचा फोटो जोडून १९१५ वर तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला.

खिडकी उघडायची की बंद?

१८ नोव्हेंबरला दिल्लीतल्या प्रदूषणाने कळस गाठला. राजधानी परिसरात चौथ्या टप्प्याचे निर्बंध लागले, बांधकामं थांबली, शाळा घरून सुरू झाल्या. मुलगी दिवसभर घरात आणि सगळ्या खिडक्या बंद. शासन सांगतं, खिडक्या लावून घ्या. फॉर्मल्डिहाइडचं शास्त्र सांगतं, खिडक्या उघडा. घरात हवा शुद्ध करणारं यंत्र होतं, पण त्यातली बारीक जाळी धूळ आणि धूर पकडते, वायू तिच्यातून आरपार जातो. कोळशाचा थर असतो, पण फॉर्मल्डिहाइडसाठी साधा कोळसा तोकडा पडतो. आणि रोज सकाळी मोबाइलवर जो हवेचा निर्देशांक दिसतो, त्यात मोजल्या जाणाऱ्या आठ प्रदूषकांत फॉर्मल्डिहाइड नाहीच. घरातल्या कपाटाचा वायू त्या आकड्यात दिसणार नाही.

मग सूनबाईंनी घरचंच वेळापत्रक केलं. दिल्लीच्या थंडीत बाहेरची हवा पहाटे आणि रात्री जास्त वाईट असते. दुपारी उन्हाने हवा वर उचलली जाते तेव्हा ती त्यातल्या त्यात बरी होते. म्हणून दुपारी दोन ते तीन मुलीला आजीच्या खोलीत बसवून दार बंद करायचं, कपाटाच्या खोलीची खिडकी आणि स्वयंपाकघरातला बाहेर फेकणारा पंखा सुरू करायचा. तीन वाजता खिडकी बंद, मग शुद्धीकरण यंत्र एक तास. कपाट रिकामं करून त्याची दारं चोवीस तास उघडी. कपडे पुन्हा जुन्या ट्रंकेत गेले.

बांधकामावरची बंदी उठल्यावर सुतार परत आला. त्याला आतल्या कोऱ्या कडा आणि पाठीची बाजू बंद करून द्यायची होती. या वेळी सूनबाई दारातच उभ्या राहिल्या.

"काय लावणार आहात? डबा दाखवा आधी."

त्याने पाण्यात मिसळणाऱ्या सीलरचा डबा पुढे केला. सूनबाईंनी चष्मा लावून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, तारीख पाहिली, झाकण उघडून वास घेतला. मागून आजी काठी टेकत आल्या. पायात मोजे नव्हते.

"पान आहे का गं त्याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. आकडा आहे."

"मग लावू दे त्याला. आणि झालं की खिडकी उघडायला विसरू नकोस, दोन वाजत आलेत."